भंगारातली सायकल आणि ५५९ चा आकडा

गोरेगाव म्हटले की बहुतेकांना मुंबईचे उपनगर आठवते. येथे अभिप्रेत असलेले गोरेगाव हिंगोली जिल्ह्यातले, सेनगाव तालुक्यातले आहे. काळ्या मातीचा हा मुलूख एकेकाळी निजामाच्या राज्यात होता आणि पैनगंगेपलीकडे वऱ्हाड सुरू होत असे. अशा गावातल्या एखाद्या मुलाला शेतरस्त्यावर आणि माळावर चालेल अशी जाड टायरची सायकल हवी असते. नव्या सायकलीची किंमत घरच्यांना पेलत नाही. मग तो भंगारातून एक डांडी उचलतो, मिस्त्रीकडून जुना चिमटा मिळवतो, टायर-ट्यूब तेवढे नवे घेतो आणि आठ-पंधरा दिवसांत सायकल उभी करतो. लोक कौतुकाने म्हणतात, ‘काय जुगाड केलाय!’

कॅलिफोर्नियातल्या काही तरुणांनी १९७० च्या दशकात नेमके हेच केले. त्याला जगाने ‘शोध’ म्हटले. एकाच कृतीला दोन नावे का मिळाली, हा या थ्रेडचा विषय आहे.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन काउंटी आणि तेथे माउंट टॅमलपायस हा डोंगर. तिथल्या तरुणांना डोंगरावरून धुळीच्या वाटांनी सायकल खाली सोडण्याचे वेड लागले होते. शर्यतीच्या नाजूक सायकली तिथे टिकत नसत. म्हणून ही मंडळी १९३०-४० च्या दशकांतल्या ‘श्विन’ कंपनीच्या जड, फुगीर टायरच्या सायकली भंगारातून व परसातून शोधून आणत. या सायकली मूळच्या पेपर टाकणाऱ्या पोरांच्या. जो ब्रीझ याने १९७३ मध्ये घेतलेली १९४१ सालची श्विन त्याला पाच डॉलरला पडली. मडगार्ड काढायचे, कॅरिअर काढायचे, अनावश्यक लोखंड उतरवायचे आणि उरलेल्या सांगाड्यावर इतरत्र मिळालेले भाग चढवायचे, ही त्यांची रीत. अशा सायकलींना ते ‘क्लंकर’ म्हणत. मराठीत त्याला ‘खटारा’ हा शब्द चपखल बसेल.

२१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली ‘रिपॅक’ शर्यत घेतली. सुमारे दोन मैलांत १३०० फूट उतार. उलट पायडल मारून लागणारा जुना हब-ब्रेक खाली पोहोचेपर्यंत इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे, आणि हब उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. इंग्रजीत या पुन्हा भरण्यालाच ‘रिपॅक’ म्हणतात. शर्यतीचे नाव त्यावरून पडले.

ब्रेकची ही अडचण गॅरी फिशर आणि त्याच्या मित्रांनी पुन्हा सुट्या भागांनीच सोडवली. दोघांनी चालवायच्या टँडम सायकलीचे ड्रम ब्रेक, मोटारसायकलच्या ब्रेकच्या मुठी, रस्त्यावरच्या सायकलीचे डिरेलर गिअर आणि अंगठ्याने चालवायची गिअरची कळ, हे सगळे एका जुन्या श्विनवर जमले. गिअर लावण्याची कल्पनाही सर्वस्वी त्यांची नव्हती. कुपर्टिनोच्या ‘मॉरो डर्ट क्लब’चे गडी डिसेंबर १९७४ मध्ये एका शर्यतीला गिअर बसवलेल्या फुगीर टायरच्या सायकली घेऊन आले होते आणि त्या मरिनकरांनी पाहिल्या होत्या.

त्याहीआधी, १९५३ मध्ये, जॉन फिन्ली स्कॉट नावाच्या विद्यार्थ्याने श्विनच्या सांगाड्यावर फुगीर टायर, गिअर आणि सरळ हँडल बसवून रानात चालणारी सायकल केली होती. त्याच दशकात पॅरिसजवळच्या वीसेक तरुणांनी मोपेडचे शॉकअप असलेले चिमटे आपल्या सायकलींना जोडले होते. म्हणजे माउंटन बाइक निदान तीनदा जन्मली, आणि तिन्ही वेळा जुन्या-नव्या भागांच्या जुळणीतून. पूर्णपणे नव्या भागांची पहिली सायकल जो ब्रीझने १९७७ मध्ये बांधली. कारखान्यातून घाऊक निघालेली ‘स्पेशलाइज्ड’ची ‘स्टंपजंपर’ १९८१ ची. ती जपानमध्ये बनत असे. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने आपल्या संग्रहात ही कारखान्याची सायकल जतन केली आहे.

आता ५५९ विषयी. हा आकडा मिलिमीटरचा आहे: रिमवर टायरची कड जिथे बसते त्या वर्तुळाचा व्यास. श्विनने १९३३ मध्ये मंदीच्या काळात गिऱ्हाईक टिकवण्यासाठी २६ × २.१२५ इंची फुगीर टायर अमेरिकी बाजारात आणला. त्या टायरच्या रिमचे हे माप. मरिनच्या पोरांनी ते निवडले नव्हते. भंगारात जे मिळाले त्याचे ते माप होते. पुढे स्टंपजंपर त्याच मापावर बांधली गेली आणि जवळपास तीस वर्षे जगभरची माउंटन बाइक ५५९ वरच चालली. मंदीतल्या एका अमेरिकी दुकानदारी युक्तीने साऱ्या जगाच्या डोंगरी सायकलीचे चाक ठरवले, ही गोष्ट तंत्रज्ञानाच्या इतिहासात फारशी ठळकपणे सांगितली जात नाही.

भारतातली दणकट काळी सायकल मात्र वेगळ्या कुळातली. तिचा आराखडा विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्लिश सायकलींचा, तिचे चाक २८ × १½ इंची, म्हणजे ६३५ मिलिमीटरचे. स्वातंत्र्यानंतर मद्रासला टीआय सायकल्स, आसनसोलला सेन-रॅले, सोनिपतला ॲटलस, लुधियानाला हीरो असे कारखाने उभे राहिले. मुंबईत हिंद सायकल्स होतीच, ती १९८० मध्ये कायद्याने सरकारी मालकीची झाली. या सगळ्यांनी थोड्याफार फरकाने तीच सायकल बनवली. लुधियानात तर एक घर हब करी, दुसरे तारा, तिसरे पायडल. एका कारखान्याचा हब दुसऱ्याच्या चिमट्यात बसलाच पाहिजे, अन्यथा धंदाच चालत नसे. अभिजनांना ही सायकल कंटाळवाणी वाटली, कारण ती दशकानुदशके बदलली नाही. पण ती बदलली नाही म्हणूनच आजोबांच्या सायकलीचा एक्सल नातवाच्या सायकलीत बसला.

नव्वदच्या दशकात हीरोची ‘रेंजर’ आली आणि खेड्यापाड्यांत इतकी रुळली की जाड टायरची कोणतीही सायकल ‘रेंजर’ झाली. तिच्याबरोबर ५५९ चा आकडा मराठवाड्यात पोहोचला. आज गोरेगावसारख्या गावातल्या भंगारात मोडकी रेंजर सापडली, तर तिची रिम थेट १९३३ च्या श्विनच्या वंशातली असते.

येथे एक सापळा आहे. ‘सव्वीस इंची’ म्हणून दुकानात दोन वेगळी मापे मिळतात. टायरवर दशांश असेल, म्हणजे २६ × १.९५ किंवा २६ × २.१२५, तर रिम ५५९ ची. अपूर्णांक असेल, म्हणजे २६ × १⅜, तर रिम ५९० ची. दोन्हींमध्ये तब्बल ३१ मिलिमीटरांचा फरक आहे आणि एकाचे टायर दुसरीवर चढणे अशक्य. अनुभवी मिस्त्रीला हे आकडे पाठ नसतील, पण तो टायर हातात घेताच ओळखतो. त्याला हेही ठाऊक असते की पुढच्या हबला ३/१६ इंची छर्रे लागतात आणि मागच्या हबला १/४ इंची; डाव्या पायडलचे आटे उलटे असतात; साध्या सायकलीच्या मागच्या कात्रीत सुमारे ११० मिलिमीटर जागा असते, गिअरच्या हबला १३५ लागते, आणि पोलादी डांडी बेताने फाकवता येते, ॲल्युमिनियमची मुळीच नाही.

हे ज्ञान मापांचे आणि मर्यादांचे आहे. जुगाड या शब्दात ते सारे हरवते. तो शब्द ऐकायला कौतुकाचा वाटतो, परंतु त्यात एक अवहेलना लपलेली आहे: करणाऱ्याला शास्त्र ठाऊक नव्हते, वेळ मारून नेली, एवढेच तो सांगतो. सामायिक मापाच्या पायावर उभी असलेली जुळणी ही कारागिरी आहे. माप न जुळता वेल्डिंगने किंवा तारेने बांधलेली वस्तू हा जुगाड, आणि सायकलीत तो जीवघेणा ठरतो. हँडलच्या नळीपाशी तडा गेलेली डांडी वेल्ड करून डोंगरउतारावर नेणे हे धाडस कुणीही करू नये.

काय जुने चालते आणि काय नवेच हवे, यातही हाच विवेक दिसतो. पोलादी डांडी, चिमटा, हँडल, हबची कवचे, सीटची नळी हे भाग जुने घेण्यात काहीच वावगे नाही. दोरा लावून डांडी सरळ आहे का, हे पाहिले म्हणजे झाले. ब्रेकचे रबर, तारा-केबल, छर्रे, साखळी मात्र नवीच. आणि साखळी नवी घेतली तर फ्रीव्हीलही नवे घ्यावे, कारण झिजलेल्या दातांवर नवी साखळी जोर लावताच घसरते आणि स्वार तोंडावर पडतो. स्वस्त सायकलीतला मागचा शॉकअप तर उतरवून ठेवलेलाच बरा: वजन वाढवतो, चार महिन्यांत खुळखुळतो आणि माळावरच्या दगडांपासून वाचवत काहीच नाही.

काळ्या मातीचा प्रश्न टॅमलपायसच्या धुळीहून निराळा आहे. पावसाळ्यात ती टायरवर थरावर थर चढते आणि मडगार्डखाली अशी ठासून बसते की चाक फिरेनासे होते. शेतकरी मडगार्ड काढून टाकत आले ते यासाठी. मरिनच्या पोरांनी वजन कमी करायला मडगार्ड काढले, तर इकडच्यांनी चिखलापायी. सायकलीचे रूप मात्र सारखेच झाले.

मग श्रेय एकालाच का मिळाले? पैसा, मोकळा वेळ आणि अमेरिकी बाजार ही कारणे आहेतच. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने आणखी एका कारणाकडे पाहावे. चार्ली केली हा मरिनचा गडी रिपॅक शर्यतींच्या वेळा वहीत टिपून ठेवी. १९८० पासून त्यांच्या मंडळीने ‘फॅट टायर फ्लायर’ नावाचे नियतकालिक चालवले. छायाचित्रे राहिली, वही राहिली, अंक राहिले. आणि ज्यांचे कागद राहिले ते जनक ठरले.

महाराष्ट्रातही हेच घडले आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ बेळगावच्या सायकलींच्या दुकानातून झाला. किर्लोस्कर ब्रदर्सचे स्थापना-वर्ष १८८८ सांगितले जाते. हे मराठी वाचकाला ठाऊक आहे, कारण त्या घराण्याने ‘किर्लोस्कर खबर’सारखे मासिक काढले, आठवणी लिहिल्या, दप्तर जपले. सायकल विकणाऱ्याचा इतिहास लिहिला गेला. ती सायकल पुढची पन्नास वर्षे ज्यांनी चालती ठेवली, त्या मिस्त्रींचा नाही. डेव्हिड अर्नोल्ड यांनी ‘एव्हरीडे टेक्नॉलॉजी’ या २०१३ च्या ग्रंथात भारतातल्या सायकल, शिवणयंत्र, टंकलेखनयंत्र यांचा वापराच्या अंगाने इतिहास मांडला, ही मोठी गोष्ट. पण तालुक्याच्या पातळीवरचे काम अजून कुणी हाती घेतलेले दिसत नाही.

आणि वेळ फारसा उरलेला नाही. गेल्या दशकात माउंटन बाइकच्या धंद्याने ५५९ सोडून ५८४ आणि ६२२ ची चाके धरली. मागच्या हबची रुंदी १३५ वरून १४२, मग १४८ झाली. प्रत्येक बदलामागे काही तांत्रिक कारण आहे, पण एकत्रित परिणाम असा की आजची महागडी सायकल पंधरा वर्षांनी भंगारात आली तर तिचा हब कुठल्याच जुन्या डांडीत बसणार नाही. इकडे ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद पडला. मानव विकास कार्यक्रमातून हिंगोलीसह मागास ठरलेल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. शिक्षण संपल्यावर त्यांतल्या कित्येक गोठ्याच्या भिंतीला टेकून राहतात. त्यांचे पायडल, सीट, छर्रे डोंगरी सायकलीच्या कामी येतात, रिम मात्र मोजूनच घ्यावी. परंतु हे सांगणारा मिस्त्री साठीपलीकडे गेला आहे आणि त्याचा मुलगा मोटारसायकल दुरुस्त करतो.

दस्तऐवज गोळा करायला अभिलेखागारात जावे लागत नाही. सायकल मार्टच्या फळ्यांवर छर्ऱ्यांचे डबे असतात, खिळ्याला टांगलेल्या रिमा असतात, उधारीची वही असते, क्वचित लुधियानाच्या घाऊक व्यापाऱ्याची जुनी पावती सापडते. मिस्त्रीला विचारावे: हे काम कुणाकडून शिकलात, पहिली गिअरची सायकल कोणत्या साली उघडली, कोणता भाग कशात बसत नाही. आणि समोरच्या टायरच्या कडेवर उमटवलेला आकडा टिपून घ्यावा. ५४-५५९ असे काहीतरी असते. पहिला टायरच्या रुंदीचा, दुसरा रिमचा.