रस्त्याकांठच्या झाडांचा धनी कोण?

सोलापुराहून अक्कलकोटास जाणाऱ्या हमरस्त्यावर वळसंग गांव आहे. अशा गांवीं रस्त्याकांठच्या कडुलिंबाची सावली सर्वांची असते, चिंचा पाडावयास हक्कदारही पुष्कळ निघतात. परंतु वाळलेली फांदी वाटसरूच्या डोक्यावर लोंबूं लागली कीं झाडाचा धनी शोधूनही सांपडत नाहीं. शेतकरी म्हणतो, झाड सरकारचें. रस्त्याचे अधिकारी म्हणतात, तें बांधाच्या आंतलें. हा केवळ आळस नव्हे. याचें मूळ कायद्याच्या इतिहासांत आहे.

१८७९ सालच्या मुंबई जमीन महसूल कायद्यानें सरकारच्या खर्चानें वाढविलेलीं रस्त्याकांठचीं झाडें सरकारचीं ठरविलीं. मात्र त्यांचें उत्पन्न, आणि झाड मेलें वा वाऱ्यानें पडलें तर त्याचें लांकूड, तें ज्याच्या जमिनींत उभें असेल त्या खातेदारास दिलें. आणि फांद्या छाटण्यास कलेक्टरचा हुकूम लागे. म्हणजे मालकी एकाची, फळ दुसऱ्याचें आणि कुऱ्हाड तिसऱ्याच्या हातीं! परकीय सरकारचा तो कायदा जाऊन १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम आला. पण जबाबदारी एकमेकांवर ढकलण्याची संवय गेली नाहीं.

वास्तविक आज मूळ तत्त्व सोपें आहे. सार्वजनिक रस्ता शासनाचा, आणि खातेदाराच्या जमिनींतील झाड सामान्यतः खातेदाराचें. फांदी कोठवर गेली यावरून मालकी ठरत नाहीं. बुंधा हद्दीच्या कोणत्या बाजूस आहे, हें पाहावयाचें. तेव्हां वाद दिसतो झाडाचा, पण असतो हद्दीचा. आणि तो तोंडानें नव्हे, भूमि अभिलेख खात्याच्या मोजणीनें मिटतो. रस्ते रुंद झाले, हद्दीचे दगड हलले, तरी लोक जुन्या आठवणीवर भांडत बसतात, हें शहाणपण नव्हे.

धनी ठरविण्यांत हयगय केल्यास काय होतें, हें राजकोटच्या खटल्यावरून दिसतें. १९७५ सालीं तेथें पायीं कचेरीस जाणाऱ्या एका इसमावर रस्त्याकडेचें झाड कोसळून तो मरण पावला. गुजरात हायकोर्टानें पालिकेस जबाबदार धरलें. १९९७ सालीं सुप्रीम कोर्टानें तो निकाल फिरविला. प्रत्येक झाडावर सतत पहारा ठेवण्याचें कर्तव्य पालिकेवर लादतां येत नाहीं, असा त्या निर्णयाचा आशय आहे. कुटुंबाचा कर्ता गेला आणि भरपाईचा दावाही टिकला नाहीं. यावरून आम्हीं घेतलेला बोध असा कीं, धोक्याची लेखी सूचना झाड पडण्यापूर्वीं गेली पाहिजे. पोंच हातीं असली म्हणजे 'आम्हांस ठाऊक नव्हतें' ही सबब दुबळी पडते.

उपायही कायद्यांत आहे. पडाऊ झाड काढण्याचा किंवा त्यास आधार देण्याचा हुकूम मॅजिस्ट्रेट त्याच्या मालकास वा ताबेदारास देऊं शकतो. ही तरतूद पूर्वीं फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ मध्यें होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्यें आहे. मात्र धोक्याचें निमित्त करून दुकानाची पाटी दिसावी म्हणून निरोगी झाडावर कुऱ्हाड घालणें हा उपाय नव्हे, अपराध आहे, हें आमच्या व्यापारी बंधूंनीं ध्यानांत ठेवावें. १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमानें अनुसूचित झाडें, तीं स्वतःच्या जमिनींत असलीं तरी, परवानगीवांचून तोडतां येत नाहींत.

रस्त्याकडेस झाडें लावणें व त्यांची जोपासना करणें हें १९५८ च्या अधिनियमानें ग्रामपंचायतींच्या कामांत घातलेलेंच आहे. तेव्हां वळसंगसारख्या गांवांनीं एक साधें काम करावें. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची हद्द मोजून घ्यावी, प्रत्येक झाडास क्रमांक द्यावा, आणि त्यापुढें मालकाचें नांव नोंदवहींत लिहून ती ग्रामसभेपुढें वाचावी. जेथें मालक शासन ठरेल तेथें संबंधित खात्याचें नांव स्पष्ट घालावें. नुसतें 'सरकारी' लिहिणें म्हणजे 'कोणाचेंच नव्हे' असें लिहिणें होय. यास मोठा निधि लागत नाहीं, निश्चय लागतो. हें काम पुढच्या वळवाच्या वादळापूर्वीं व्हावें, झाड पडल्यावर होणाऱ्या पंचनाम्याच्या वेळीं नव्हे, एवढेंच आमचें सांगणें आहे.