वळूझुंज : चित्रकार साक्षीदार की वकील?

स्पेनमधील वळूझुंजीचे कैवारी अडचणीत सापडले, की एक हुकमी पान टाकतात. गोयाने ही झुंज चितारली, पिकासोने चितारली. ज्या खेळाने एवढ्या थोर कलावंतांना स्फूर्ती दिली त्याला रानटी म्हणणारे तुम्ही कोण, असा त्यांचा सवाल असतो. हा युक्तिवाद रसिकांच्या गप्पांपुरता उरलेला नाही. २०१३ साली स्पेनच्या संसदेने कायदा करून वळूझुंजीला सांस्कृतिक वारसा ठरविले. कातालोनिया प्रांताने २०१० साली केलेली बंदी २०१६ साली घटना न्यायालयाने रद्द केली, तीही या वारशाविषयीचा अधिकार प्रांताचा नव्हे, मध्यवर्ती शासनाचा, असे सांगून. एका दुपारी सहा वळू मारले जातात आणि त्या रक्तावर कलेची शाल पांघरली जाते. ती शाल दूर सारणे आम्हांला आवश्यक वाटते.

प्रथम एक साधी गोष्ट. चित्र म्हणजे प्रशस्तिपत्र नव्हे. युरोपात क्रूसावरील मरण जितक्या वेळा रंगविले गेले, तितके दुसरे मरण क्वचितच रंगविले गेले असेल. म्हणून क्रूसाची शिक्षा हा रोमन साम्राज्याचा सांस्कृतिक वारसा होता व ती चालू ठेवावयास हवी होती, असे कोणी म्हणेल काय? चित्रकार कशाकडे पाहतो एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. त्याला तेथे काय दिसते, हे विचारले पाहिजे.

आणि स्पॅनिश चित्रकारांना तेथे काय दिसले? वाचकहो, मातादोराची जरतारी वस्त्रे व लाल कापड क्षणभर बाजूला ठेवा आणि घोड्याकडे पाहा. पिकादोर, म्हणजे घोड्यावर बसून वळूच्या मानेत भाला रोवणारा स्वार, याच्या घोड्याला १९२८ पर्यंत संरक्षक झूल बांधणे सक्तीचे नव्हते. वळूची शिंगे थेट घोड्याच्या पोटात शिरत. अनेकदा रिंगणात वळूंहून अधिक घोडे मरत. दारिओ दे रेगोयोस याने १८९४ साली चित्र काढले ते या मेलेल्या घोड्यांचे, आणि नाव दिले ‘उत्सवाचे बळी’. इग्नासिओ थुलोआगा तर स्वतः झुंजीचे शिक्षण घेतलेला, या खेळाचा निस्सीम चाहता. परंतु १९१० साली त्याने रंगविला तो एक थकलेला, म्हातारा पिकादोर आणि त्याखालचा रक्तबंबाळ, हाडे निघालेला पांढरा घोडा. चित्राचे नाव पुन्हा तेच, ‘उत्सवाचा बळी’. चाहत्याचा हातही सत्य लपवू शकला नाही.

पिकासोची साक्ष याहून मोठी. १८८१ साली मालागा येथे जन्मलेल्या या मुलाचे सुमारे आठव्या वर्षीचे तैलचित्र पिकादोराचेच आहे. बिनझुलीच्या घोड्यांचे हाल त्याने कोवळ्या वयात पाहिले आणि ते आयुष्यभर विसरला नाही. १९३३ च्या ‘मातादोराचा मृत्यू’ या चित्रात वळू, घोडा व माणूस एकाच वेदनेच्या गुंत्यात अडकलेले आहेत. पुढे २६ एप्रिल १९३७ रोजी बास्क प्रांतातील गेर्निका गावावर बॉम्ब पडले. निरपराध्यांचा आक्रोश दाखविण्यासाठी पिकासोने मध्यभागी काय ठेवले? भाल्याने भोसकलेला, मान वर करून किंकाळणारा घोडा! १९४५ च्या एका मुलाखतीत त्याने वळू म्हणजे क्रौर्य व अंधार आणि घोडा म्हणजे जनता, असा अर्थ सांगितला; एरवी मात्र अर्थ सांगण्याचे तो टाळीत असे. अर्थ कोणताही घ्या. विसाव्या शतकातील सर्वांत भीषण चित्रासाठी त्याला जी प्रतिमा सापडली, ती झुंजीच्या रिंगणातून आली. यातना कशी दिसते, हे तो तेथे शिकला होता. याला खेळाची स्तुती म्हणावयाचे काय?

यावर उत्तर येईल, की पिकासो अखेरपर्यंत झुंजी पाहावयास जात असे, मातादोर त्याचे मित्र होते. हे खरे आहे आणि आम्ही ते नाकारीत नाही. परंतु माणूस एक सांगतो आणि त्याचे काम दुसरेच सांगते, तेव्हा आम्ही कामावर विश्वास ठेवतो. १९३० च्या त्याच्या ‘क्रूसारोहण’ चित्रात प्रभूच्या कुशीत भाला खुपसणारा घोडेस्वार पिकादोराच्या रूपात उभा आहे. १९५९ च्या रेखाटनांत तर क्रूसावरील ख्रिस्त एक हात सोडवून कमरेचे वस्त्र मातादोराप्रमाणे हलवितो आणि खाली पडलेल्या घोड्यावरून व स्वारावरून वळूचे लक्ष स्वतःकडे ओढून घेतो. धर्म न मानणाऱ्या चित्रकारालाही ख्रिस्ताची जागा प्रेक्षकांत दिसली नाही. पडलेल्यांच्या बाजूला दिसली.

मग ख्रिस्तसभेची जागा कोठे? पोप पायस पाचवे यांनी १ नोव्हेंबर १५६७ रोजी या झुंजींवर बंदी घातली. त्या चालू देणाऱ्या राजांना बहिष्काराची व झुंजीत मरणाऱ्यास ख्रिस्ती दफन नाकारण्याची शिक्षा सांगितली. त्या आज्ञेत जनावराच्या वेदनेपेक्षा माणसाच्या जिवाची व आत्म्याची चिंता अधिक होती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पुढे राजसत्तेच्या आग्रहापुढे ती १५७५ व १५९६ साली सैल झाली. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात निष्कारण प्राणिपीडा मानवी प्रतिष्ठेला न शोभणारी असल्याचे पुन्हा बजावले. आणि तरीही माद्रिदमधील वळूझुंजींचा सर्वांत मोठा हंगाम भरतो तो संत इसिदोर यांच्या नावाने! बैलांच्या जोडीने शेत नांगरणारे, प्रार्थनेत असताना ज्यांचा नांगर देवदूतांनी धरला अशी कथा आहे, ते शेतकऱ्यांचे आश्रयदाते संत. त्यांच्या सणाला त्यांच्या सोबत्याच्या कुळाची कत्तल!

चित्रे भिंतीवरून उतरवा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ती असू द्यावीत, मुलांना दाखवावीत. कोलंबियाने २०२४ साली कायदा करून २०२७ पासून वळूझुंजी बंद करण्याचे ठरविले, म्हणून त्या देशाची कला काही दरिद्री होणार नाही. स्पेनमध्येही रिंगणे बंद झाली तरी गेर्निकाचा घोडा माद्रिदच्या संग्रहालयात किंकाळत राहील. परंपरेच्या नावाने कोणी रक्ताचे समर्थन करू लागला, तर त्याला त्या घोड्यासमोर उभे करावे आणि तेच समर्थन तेथे मोठ्याने बोलून दाखविण्यास सांगावे.