अर्धी काळी काच आणि खरे आकाश

आज थोड्या वेगळ्या विषयावर लिहीत आहोत. विषय फोटोचा आहे, पण त्याची सुरुवात आमच्याच हातून झालेल्या एका चुकीपासून झाली.

काही वर्षांपूर्वी आम्ही शिकवत होतो त्या शाळेत 'आपले बेट' या विषयावर मुलांच्या फोटोंची स्पर्धा ठेवली होती. परीक्षकांत आम्हीही होतो. पहिले बक्षीस एका मुलाच्या समुद्राच्या फोटोला मिळाले. वर तांबूस-नारिंगी आकाश, खाली शांत पाणी आणि पाण्यावर दोन पिरोग. सर्वांनी वाहवा केली. एका मुलीने पहाटेच्या उसाच्या शेताचा फोटो दिला होता. शेत छान आले होते, पण आकाश चुना फासलेल्या भिंतीसारखे पांढरेफटक. तो फोटो आम्ही फारसा विचार न करता बाजूला ठेवला.

समारंभ संपल्यावर ती मुलगी आमच्याकडे आली. म्हणाली, "गुरुजी, तिथे उभी होते तेव्हा मला शेतही दिसत होते आणि आकाशातले रंगही दिसत होते. फोटोत आकाश गेले. दुसरा काढला तर आकाश आले आणि शेत काळे झाले. असे का?" आमच्याकडे उत्तर नव्हते.

त्या संध्याकाळी आम्ही बक्षीस मिळालेला फोटो पुन्हा पाहिला. आकाश मावळतीचे, पण पाणी मात्र दुपारचे, निळे-हिरवे. पिरोगची सावली अगदी पिरोगखाली, म्हणजे सूर्य डोक्यावर. आकाश तांबडे असेल तर त्याखालचे पाणी निळे कसे राहील? दुसऱ्या दिवशी मुलाला विचारले तेव्हा त्याने सरळ सांगितले, "मामाच्या जुन्या कॅमेऱ्याच्या पेटीत अर्धी तपकिरी काच होती, ती समोर धरली." त्याने काहीच लपवले नव्हते. आम्हीच विचारले नव्हते.

म्हणजे गंमत पाहा. मुलाने ज्या प्रकारच्या काचेने खोटे आकाश बनवले, तशाच प्रकारच्या काचेने त्या मुलीला तिचे खरे आकाश परत मिळाले असते. काच तीच, उपयोग दोन. या प्रश्नाचा मागोवा घेत आम्ही जी पुस्तके वाचली ती बहुतेक अमेरिकेतील निघाली, कारण डोंगर-दऱ्यांच्या फोटोंची मोठी परंपरा त्या देशात आहे. त्यातही कॅलिफोर्निया राज्यातील योसेमिटीचे खोरे म्हणजे या विद्येची पाठशाळाच म्हणावी लागेल.

योसेमिटीत सकाळी आणि संध्याकाळी उंच कड्यांच्या माथ्यावर सोनेरी ऊन असते आणि खाली नदीकाठ सावलीत असतो. आपला डोळा वर पाहतो तेव्हा उजेडाशी जुळवून घेतो, खाली पाहतो तेव्हा सावलीशी, आणि मेंदू दोन्हींचे मिळून एक चित्र तयार करतो. कॅमेऱ्याला हे जमत नाही. तो साऱ्या देखाव्याला एकच माप लावतो. उजेड दुप्पट झाला की छायाचित्रकार त्याला एक स्टॉप म्हणतात. जुन्या रंगीत स्लाइड फिल्मवर सुमारे पाच स्टॉपच मावत, म्हणजे बत्तीस पटींचा फरक. कडा आणि सावली यांत त्याहून जास्त फरक असला की एकाचा बळी द्यावा लागे. आमच्या विद्यार्थिनीच्या फोटोत नेमके हेच झाले होते.

यावर अमेरिकेतील गेलन रोवेल यांनी जो उपाय लोकप्रिय केला तो अगदी साधा आहे. रोवेल हे गिर्यारोहक. मोटारी दुरुस्त करण्याचा स्वतःचा धंदा विकून १९७२ साली ते पूर्णवेळ छायाचित्रकार झाले. ते भिंगासमोर एक चौकोनी काच लावत. तिचा वरचा भाग करडा, खालचा स्वच्छ, आणि मधे करडेपणा हळूहळू विरत गेलेला. हिला ग्रॅज्युएटेड फिल्टर म्हणतात. ही कल्पना त्यांच्या आधीचीच, पण फ्लोरिडातील सिंग-रे या कंपनीबरोबर त्यांनी आपल्या गरजेप्रमाणे असे फिल्टर तयार करून घेतले. करड्या भागाला स्वतःचा रंग नसतो, तो फक्त उजेड कमी करतो. ०.३ आकड्याची काच उजेड निम्मा करते, ०.६ ची पाव करते, ०.९ ची अष्टमांश करते. आकाशाचा उजेड एवढा उतरला की आकाश आणि जमीन एका फिल्मवर गुण्यागोविंदाने नांदतात.

काही जण म्हणतील, "कॅमेऱ्यासमोर काहीही न लावता काढलेला फोटोच खरा." हे आम्हाला पटत नाही. पांढरे आकाश त्या पहाटे कोणीही पाहिले नव्हते. काच न लावताही कॅमेऱ्याने चुकीचीच साक्ष दिली. करडी काच ती साक्ष दुरुस्त करते. ज्याची नजर कमजोर आहे त्याने चष्मा लावला म्हणून तो काही खोटे पाहत नाही.

मात्र या चष्म्यालाही मर्यादा आहेत आणि त्या निसर्गानेच घातल्या आहेत. तळ्यात डोंगराचे प्रतिबिंब पडते तेव्हा ते मूळ डोंगरापेक्षा नेहमी थोडे काळोखे असते, कारण पाणी सगळा उजेड परत देत नाही. कोणी फार गडद काच लावून वरचे आकाश खालच्या प्रतिबिंबापेक्षा काळे केले, तर बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी चुकले हे मनाला कळते. काचेची रेघ समुद्राच्या क्षितिजावर ठेवायची असेल तर कडक रेघेची काच चालते. डोंगरावर मात्र मऊ रेघेची हवी, नाहीतर पीटर बॉथच्या माथ्यावर कोणी काळी टोपी घातल्यासारखे दिसेल. रुंद दृश्य घेणारे भिंग लावून छिद्र लहान केले की रेघ ठळक होते, दूरचे जवळ आणणाऱ्या भिंगात ती पसरून विरते. म्हणून भिंग कोणते आणि छिद्र केवढे, हे पाहूनच काच निवडावी लागते.

भिंगही काही निष्पाप नसते. रुंद भिंग पायाजवळचा दगड मोठा करते आणि मागचा डोंगर टेकडीएवढा करून टाकते. लांबचे भिंग डोंगरामागचा चंद्र भाकरीएवढा करते. तेव्हा फोटो काढणाऱ्याला निवड करावीच लागते. प्रश्न एवढाच, की ही निवड देखाव्याशी इमान राखून केली की नाही.

आता कोणी म्हणेल, "फोटो ही कला आहे, कलावंताला मोकळीक हवी." या म्हणण्यात तथ्य आहे, आणि त्याला आधारही योसेमिटीतच सापडतो. १० एप्रिल १९२७ रोजी अन्सेल अ‍ॅडम्स हा पंचवीस वर्षांचा तरुण काचेच्या पट्ट्यांचा जड कॅमेरा घेऊन हाफ डोम या प्रचंड कड्यासमोर चढून गेला. शेवटी दोनच पट्ट्या उरल्या. एक त्याने पिवळा फिल्टर लावून घेतली. मग त्याच्या लक्षात आले की यात कड्याची भव्यता येणार नाही. म्हणून शेवटच्या पट्टीला गडद लाल फिल्टर लावला. लाल काच निळा उजेड अडवते, त्यामुळे आकाश जवळजवळ काळे झाले आणि कडा त्यावर उभा राहिला. हे चित्र जगभर गाजले.

मग हे आकाश खोटे नव्हते काय? आमच्या मते नव्हते. काळ्या-पांढऱ्या चित्रात मुळातच रंग नसतात. दिवसा आकाश काळे असते असा समज ते पाहून कोणाचाच होत नाही. तिथे कलावंत उघडपणे बोलतो आणि बघणाऱ्यालाही ते ठाऊक असते. रंगीत फोटो मात्र म्हणतो, "मी तिथे होतो, हे असे होते." असे म्हणणाऱ्यावर जबाबदारी अधिक येते. तपकिरी, नारिंगी, जांभळ्या अर्ध्या काचांची १९८० च्या दशकात मोठी चलती होती, जाहिरातींत आणि पोस्टकार्डांवर त्या सर्रास दिसत. त्या काचा उजेड सावरत नाहीत, नसलेला रंग भरतात.

हा फरक दाखवणारी दोन उदाहरणे एकाच सुमारास घडली. १९८१ साली रोवेल तिबेटात ल्हासा येथे होते. दूर इंद्रधनुष्य दिसले, पण ते पोताला राजवाड्यावर नव्हते. विरळ हवेत रोवेल धावत सुटले आणि जिथून इंद्रधनुष्य थेट राजवाड्यावर उतरलेले दिसेल अशा जागी जाऊन पोचले. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९८२ च्या अंकात, 'नॅशनल जिऑग्राफिक' या अमेरिकन मासिकाने आडवा फोटो उभ्या मुखपृष्ठावर बसावा म्हणून इजिप्तचे पिरॅमिड यंत्राच्या साहाय्याने एकमेकांजवळ सरकवले. बरीच टीका झाली आणि पुढे मासिकाने ही चूक मान्यही केली. एकाने आपले पाय हलवले, दुसऱ्याने पिरॅमिड हलवले. मुलांना शिकवायला याहून चांगला धडा कोणता?

आज प्रश्न अधिकच बिकट झाला आहे. आताचे मोबाईल न विचारता चार-पाच फोटो एकत्र करून आकाश आणि जमीन सावरतात. ते करड्या काचेचेच काम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण तोच मोबाईल एका बोटाने सारे आकाशच बदलूनही देतो. मामाची तपकिरी काच आता प्रत्येक मुलाच्या खिशात आहे.

आम्हाला याची काळजी वाटते ती शिक्षक म्हणून. त्या दिवशी बक्षीस देताना आम्ही मुलांना न बोलता असे शिकवले, की आपल्या बेटाचे खरे आकाश पुरेसे सुंदर नाही. पर्यटकांच्या रंगीत पत्रकांसारखे दिसले तरच ते बक्षिसाला पात्र. त्या मुलीने आपल्या गावचे शेत जसे पाहिले तसे दाखवण्याची धडपड केली, तिला आम्ही रिकाम्या हाताने परत पाठवले.

आणि फोटोवरचा विश्वास ही आपल्या समाजाच्या दृष्टीने लहान गोष्ट नाही. महात्मा गांधी संस्थेत गिरमिटिया मजुरांचे जुने फोटो जपून ठेवले आहेत. ते प्रेमाने काढलेले नव्हते, मजुरांवर नजर ठेवण्यासाठी काढलेले होते. तरीही आज एखाद्या कुटुंबाला आपल्या पूर्वजाचा चेहरा दिसतो तो तिथेच. तो चेहरा कोणी सुधारलेला नाही, म्हणूनच आपण त्यापुढे नतमस्तक होतो. उद्या आपली नातवंडे आपले फोटो पाहतील, तेव्हा त्यांनाही तसा भरवसा वाटायला हवा.

म्हणून आमची सर्व शाळांना आणि मंडळांना एक साधी सूचना आहे. मुलांची फोटो स्पर्धा ठेवाल तेव्हा प्रत्येक फोटोखाली मुलाला तीन ओळी लिहू द्या: कुठे काढला, किती वाजता काढला, आणि नंतर किंवा आधी काय केले. कल्पनेच्या चित्रांसाठी वेगळा विभाग ठेवा, तिथे आकाश हिरवे असले तरी चालेल. पण 'आपले बेट' म्हणून जे दाखवाल ते बेट आपलेच असू द्या.

आम्ही पुढच्याच आठवड्यात वर्गात आपली चूक कबूल केली. मुलाचे बक्षीस काढून घेतले नाही, कारण दोष त्याचा नव्हता. मुलीसाठी मात्र एक लहान करडी काच मिळवली. काही दिवसांनी तिने नवा फोटो आणून दाखवला. शेत होते, दंवही होते, आणि वर फिकट गुलाबी आकाश. फार भडक नव्हते. आपल्याकडे पहाटे जसे असते, अगदी तसे होते.