टाळ्यांचा काटा आणि ग्रहणमीमांसा

प्रेक्षकाचा कौल म्हणजे अभिरुचीचे लोकशाहीकरण, हे समीकरण लोकप्रिय माध्यमांच्या चर्चेत आता फार सहजपणे मांडले जाते. त्यासाठी वाचककेंद्री समीक्षेची परिभाषा उसनी घेतली जाते. अमेरिकेत सीबीएसच्या दूरचित्रवाणीवर १९४८ ते १९५८ या काळात चाललेला ‘आर्थर गॉडफ्रेज टॅलेंट स्काउट्स’ हा कार्यक्रम या समीकरणाचा आद्य दाखला ठरावा. प्रत्यक्षात तो ते मोडीत काढतो.

तेथे नवोदित कलावंतांमधला विजेता टाळ्या मोजणाऱ्या यंत्राचा काटा ठरवीत असे. काटा मोजत होता तो आवाज. दाद, कणव, निव्वळ उत्साह या साऱ्यांचे त्याने एकाच राशीत रूपांतर केले. इझरचा वाचक संहितेतील रिक्त जागा भरतो, म्हणजे संहितेशी झुंजतो. सभागृहातील या प्रेक्षकाला तेवढी उसंतच नव्हती. शिवाय त्याच्यापुढे कोण येणार हे आधीच ठरलेले असे. १९५५ साली एल्व्हिस प्रेस्ली प्राथमिक चाचणीतच नाकारला गेला. जानेवारी १९५७ मध्ये पॅट्सी क्लाइन जिंकली, तेव्हा टाळ्या नेहमी चुकतात असे कोणी म्हणू नये. प्रश्न निकालाचा नाही. ग्रहणाच्या जागी गोंगाट बसवण्याचा आहे. ब्रिटनमधील ह्यूई ग्रीनच्या ‘ऑपॉर्च्युनिटी नॉक्स’मध्येही असा मापक होता, पण तो शोभेपुरता, खरा निकाल घरबसल्या प्रेक्षकांच्या टपालाने येणाऱ्या मतांवर लागे. मापकावर खुद्द आयोजकांचीच भिस्त नव्हती, हे आपले सिद्धान्तकार सोयीस्करपणे विसरतात.

नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायाकडे या मंडळींचे लक्ष जात नाही, हे तर अधिकच खटकते. स्मित, हास्य, साधुवाद, मोठ्याने उमटणारी दाद यांना भरत मानुषी सिद्धीत जागा देतो, त्यांची हेटाळणी करीत नाही. दैवी सिद्धी मात्र तो जेथे रंगमंडप भरलेला असून शब्द नाही, क्षोभ नाही, तेथे मानतो. गॉडफ्रेच्या यंत्राने या सिद्धीची नोंद शून्य अशीच केली असती. आणि स्पर्धेत वाद उद्भवला तर भरत निर्णयासाठी प्राश्निक सुचवतो: यज्ञवेत्ता, नर्तक, छंदोज्ञ, वैयाकरण, राजा, धनुर्धर, चित्रकार, वेश्या, गायक, राजसेवक. प्रत्येकाने आपापल्या विषयापुरते बोलायचे. या यादीत राजाच्या पंक्तीला वेश्या बसलेली आहे. तेव्हा जाणकारीचा आग्रह म्हणजे अभिजनवाद, हा ठरीव आक्षेप घेणाऱ्यांनी आधी ही यादी वाचावी.