किल्ला वाचला, कुंभाराचे काय?

पडक्या किल्ल्यांचा विषय निघाला की आपल्याकडे कोणीतरी जाणता गृहस्थ चहाचा कप खाली ठेवतो आणि म्हणतो, "अहो, पोर्तुगालकडे पाहा! त्यांनी किल्ल्यांची हॉटेले केली, म्हणून ते वाचले!" २०१९ साली महाराष्ट्रातले काही किल्ले हॉटेलांसाठी भाड्याने देण्याची गोष्ट निघाली, तेव्हा केवढे काहूर उठले ते वाचकांना आठवत असेलच. शिवरायांच्या गडांना हात लागणार नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. असल्या वादात पोर्तुगालचा दाखला आला की दुसरा पक्ष उसळून म्हणतो, "ज्या राजवटीने १९५५ साली गोव्याच्या सरहद्दीवर आपल्या सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, तिचा कित्ता आम्ही गिरवायचा?"

मी या दोन्ही पक्षांशी भांडायला बसलो आहे. पहिला पक्ष पोर्तुगालची अर्धीच गोष्ट सांगतो. दुसरा तर ती ऐकूनच घेत नाही. आणि त्या देशाकडून जे खरोखर उचलावे, ते दोघांच्याही हातून निसटते.

प्रथम अर्धी गोष्ट पाहू. पोर्तुगालमध्ये या उताऱ्यांना 'पोझादा' म्हणतात. ज्या क्रियापदावरून हा शब्द आला, त्याचा अर्थ थांबणे, विसावणे. आपण 'विसावा' म्हणावे तसा. ही कल्पना आंतोनिओ फेर्रु यांची. हे गृहस्थ सालाझारच्या प्रचारखात्याचे प्रमुख होते, हे विसरून चालणार नाही. पहिली पोझादा १९४२ साली स्पेनच्या सरहद्दीजवळ एल्वश येथे निघाली, आणि गंमत अशी की ती कोणत्याही किल्ल्यात नव्हती. वाटसरूसाठी नव्याने बांधलेले ते एक साधे घर होते. जुन्या वास्तूंकडे मोर्चा वळला तो नंतर. १९५० च्या सुमारास ओबिदुशचा किल्ला, १९६० च्या दशकात एव्होराचा पंधराव्या शतकातला मठ, १९७० साली एश्त्रेमोझचा राजवाडा. १९७४ मध्ये ती राजवट कोसळली, पण पोझादा राहिल्या. २००३ मध्ये त्यांचा कारभार सरकारने एका खासगी हॉटेल-समूहाकडे सोपवला.

यातल्या काही जागा मी हिंडून पाहिल्या आहेत, आणि खरे ते कबूल करायला माझी हरकत नाही: भिंती वाचल्या. छपरे गळत नाहीत, दगडांत पिंपळ उगवलेला नाही, जिन्यावर कोणी आपले आणि आपल्या प्रेयसीचे नाव कोरलेले नाही. आपल्या गडांची अवस्था ज्याने पाहिली आहे त्याला याचे मोल वेगळे सांगायला नको.

पण भिंती वाचल्या म्हणजे काय काय वाचले? माझे भांडण सुरू होते ते इथे.

त्याच आलेन्तेजु प्रांतात आल्कासोव्हश नावाचे गाव आहे. तिथे गुरांच्या गळ्यातल्या घंटा होतात. लोखंडी पत्रा ठोकून वाकवायचा, त्यावर पितळेचे तुकडे ठेवायचे, माती आणि भुश्श्याच्या लगद्यात सारे गुंडाळून भट्टीत घालायचे. आत पितळ वितळते आणि लोखंडाला बिलगते. मग गार पाण्यात बुडवायचे, जळलेली माती झाडायची आणि शेवटी घंटेचा सूर कानाने लावायचा. २०१५ साली युनेस्कोने ही कारागिरी तातडीने वाचवावयाच्या परंपरांच्या यादीत घातली, तेव्हा तेरा कारागीर उरले होते आणि त्यांतले नऊ सत्तरी ओलांडलेले होते! पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, उत्तरेकडच्या बिझाल्यायश गावची काळी मातीची भांडी त्याच यादीत गेली. जमिनीत खणलेल्या भट्टीत ही भांडी भाजतात आणि वरून हिरवा पाला व माती टाकून धूर आत कोंडतात. त्या धुराने ती काळी होतात. तिथले कुंभारही बोटांवर मोजण्याइतकेच.

हे का झाले? घंटा कोणी चोरल्या नाहीत, कोणी बंदी घातली नाही. गुरांमागे चालणारा गुराखी उरला नाही आणि कारखान्यातली घंटा स्वस्त झाली, इतकेच. कारागिरी मरते ती गिऱ्हाईक नसल्याने आणि शिष्य नसल्याने. या दोन्ही रोगांवर किल्ल्यातला मऊ बिछाना हे औषध नव्हे. राजाच्या घराला सरकारने पलंग दिला. कुंभाराच्या घरी मात्र मुलगा चाकावर बसायला तयार नाही.

आता उरलेली अर्धी गोष्ट. ती एश्त्रेमोझमध्येच आहे, पण गडाच्या बुरुजावरून दिसत नाही.

एश्त्रेमोझचा राजवाडा म्हणजे जिथे १३३६ साली राणी इझाबेलने देह ठेवला ती जागा. गरिबांसाठी पदरात लपवून नेलेल्या दानाची फुले झाली, अशी तिची कथा लोक सांगतात. याच गावात पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या रंगीत बाहुल्या होत आल्या. मातीचा गोळा, वळी आणि थापलेली पोळी, एवढ्या तीन आकारांतून मेंढपाळ, शेतकरीण, संत, आणि पदरात फुले घेतलेली ती राणीही. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी ही कला जवळजवळ संपली. राजवाडा होता, बुरूज होता, बाहुली मात्र नव्हती.

१९३० च्या दशकात तिथल्या कलाशाळेचे मुख्याध्यापक, जुझे मारिया द सा लेमुश नावाचे शिल्पकार, एका वृद्ध स्त्रीच्या दारी गेले. आना दश पेलेश हे तिचे नाव. ती विद्या ठाऊक असलेली ती एवढीच काय ती उरलेली होती. त्यांनी तिची मनधरणी केली आणि तिच्या बोटांतले शाळेत आणले. शाळेतल्या कुंभारकामाच्या शिक्षकाने ते उचलले, पुढे त्याच्या घरच्या बायकांनी चालवले, आणि २०१७ साली याच बाहुल्या युनेस्कोच्या यादीत गेल्या. ही यादी मात्र मरणपंथाला लागलेल्यांची नव्हे; जगाचा जिवंत वारसा मांडणारी. आणि ही सारी खटपट पोझादा उघडण्याच्या कितीतरी वर्षे आधीची!

म्हणून माझे म्हणणे असे. पोर्तुगालचा कित्ता गिरवायचा असेल तर त्या बुरुजाचा गिरवू नका, त्या मुख्याध्यापकाचा गिरवा. किल्ल्यात हॉटेल असावे की नसावे यावर खुशाल भांडा. भांडणाऱ्यांना मी एवढेच विचारीन: पायथ्याच्या गावात चार हात काय करतात? उतारूच्या पानापुढे जे भांडे येईल ते कोणी घडवले? त्याचा धंदा शिकायला कोणी पोरगा बसला आहे काय? याचे उत्तर नसेल, तर हॉटेल झाले काय आणि नुसता फलक लागला काय, गड हा दगडांचा ढीगच राहील.

कोणी म्हणेल, "पण हे काम सरकारचे, आम्ही काय करणार?" वा! मग दिवाळीत अंगणात किल्ला कोणाच्या आज्ञेने होतो? तिथे तर मुख्यमंत्री येत नाहीत! मुलांनी चिखल कालवावा, मोहरी पेरावी, आणि शिवाजी महाराज व मावळे कुंभाराकडून यावेत, ही आपली रीत. एश्त्रेमोझच्या बाहुलीचीच ती बहीण. आज त्या मावळ्यांत मातीचे किती आणि साच्यातून पडलेले प्लास्टिकचे किती, हे आपापल्या अंगणात जाऊन मोजावे. गडाच्या प्रश्नावर तावातावाने बोलणाऱ्या बापाने मुलाच्या हाती प्लास्टिकचा मावळा द्यावा, यासारखा विनोद नाही.

तेव्हा या दिवाळीला दोन पैसे जास्त गेले तरी मावळा मातीचाच आणा. शक्य तर मुलाला बरोबर न्या आणि तो कसा घडतो ते त्याला बसून पाहू द्या. जमलेच तर कुंभाराला विचारा, "याला शिकवाल का?" एश्त्रेमोझची कला याच एका प्रश्नाने वाचली.