पहिली मोटारसायकल : कोणती आणि कुणाच्या नावावर?

घरातील मुलगा महाविद्यालयात जाऊ लागला किंवा पेढीच्या कामात हातभार लावू लागला, की मोटारसायकलीचा विषय निघतोच. तरुणाची नजर मोठ्या इंजिनावर असते, तर वडीलधाऱ्यांची लिटरमागे मिळणाऱ्या किलोमीटरवर. या दोहोंच्या मधला समंजस पर्याय म्हणजे दीडशे ते एकशे साठ सीसीची साधी, भरवशाची गाडी.

होंडाची युनिकॉर्न हे या वर्गातील परिचित नाव. २००४ मध्ये ती दीडशे सीसीच्या रूपात आली. २०२० पासून तिचे इंजिन १६२.७ सीसीचे आहे. तिच्यात भपका नाही, आणि हाच तिचा गुण होय. वजन सुमारे १४० किलो आणि आसनाची उंची ७९८ मिलिमीटर असल्याने मध्यम उंचीच्या नवशिक्याचेही पाय जमिनीला टेकतात. इंजिन कमी वेगातही चांगली ओढ देते. त्यामुळे बाजारपेठेच्या गर्दीत गिअर वारंवार बदलावे लागत नाहीत. आसन लांब आणि सरळ असल्याने मागे बसणाऱ्यासही त्रास होत नाही.

खर्चाचा हिशेबही मांडून पाहावा. रोज ३० किलोमीटर आणि महिन्याचे २६ दिवस धरले, तर ७८० किलोमीटर होतात. लिटरला ५० किलोमीटर देणाऱ्या गाडीस सुमारे साडेपंधरा लिटर पेट्रोल लागेल, तर ६५ देणाऱ्या शंभर सीसीच्या गाडीस बारा लिटर. म्हणजे फरक महिन्याला साडेतीन लिटरांचा.

या साडेतीन लिटरांच्या बदल्यात काय मिळते? १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या मोटारसायकलींना एबीएस सक्तीचे झाले. त्याखालील गाड्यांना दोन्ही चाकांचे संयुक्त ब्रेक पुरेसे मानले गेले. एबीएसमुळे अचानक ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊन घसरत नाही. पावसाळी रस्त्यावर नवशिका घाबरून ब्रेक आवळतो, तेव्हा या योजनेचे मोल कळते. युनिकॉर्नमध्ये मात्र ती पुढील चाकापुरतीच आहे; म्हणून मागचा ब्रेक बेताने दाबण्याची सवय लावून घ्यावीच लागते.

आता नावाचा प्रश्न. गाडी पेढीच्या नावावर घेतली की घसाऱ्याची वजावट मिळते, हा विचार व्यापारी घरांत प्रथम येतो. परंतु मालक-चालकासाठी असलेला १५ लाख रुपयांचा सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा केवळ नोंदणीकृत मालकासाठी असतो, आणि त्याच्याकडे वैध परवाना असावा लागतो. मालक भागीदारी पेढी किंवा कंपनी असेल, तर हे संरक्षण दिलेच जात नाही. गाडी वडिलांच्या नावावर असून मुलगा चालवीत असेल, तर त्यालाही ते लागू होत नाही. थर्ड पार्टी विमा समोरच्याच्या नुकसानीसाठी असतो, स्वतः चालविणाऱ्याच्या इजेसाठी नव्हे. यास्तव जो चालविणार, त्याच्याच नावावर गाडी घ्यावी. ते शक्य नसेल तर त्याच्या नावे स्वतंत्र अपघात विमा उतरवावा. वजावटीतून वाचणारी रक्कम या संरक्षणापुढे किरकोळ आहे.

अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी मात्र किल्ली हाती देऊ नये. २०१९ च्या कायदादुरुस्तीनुसार अल्पवयीनाच्या हातून गुन्हा घडल्यास पालकास अथवा मालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो; गाडीची नोंदणीही बारा महिन्यांसाठी रद्द होते.

खरेदीच्याच दिवशी आयएसआय चिन्हाचे, डोक्याला घट्ट बसणारे हेल्मेट घ्यावे. मागे बसणाऱ्यासाठी दुसरे घ्यावे. चामडे वर्ज्य असणाऱ्या घरांसाठी जाळीदार कापडाचे हातमोजेही मिळतात. आठवड्यातून एकदा टायरमधील हवा आणि साखळीचा ताण पाहण्याचे काम चालविणाऱ्यावरच सोपवावे. दुकानाची वही रोजच्या रोज लिहिण्याची शिस्त ज्या घरात आहे, तेथे ही सवय लागणे अवघड नाही.