यंत्र आणि गृहस्थ : मुका झालेला कीबोर्ड

सांगलीहून वहिनींचा फोन आला तो रात्रीं साडेदहा वाजतां. आमच्या घराण्यांत रात्रीं नऊनंतर येणारा फोन बहुधा दुखण्याचा, किंवा त्याहूनही वाईट वार्तेचा असतो. तेव्हां तो उचलतांना हात थोडा कांपलाच. "कोणाला कांहीं झालेलें नाहीं, भाऊजी," वहिनींनीं आधींच सांगून टाकलें, "पण मामंजी दुपारपासून कोणाशीं बोलत नाहींत आणि आमचे चिरंजीव ताटावरून उठून गेले आहेत. कॉम्प्युटरचा कीबोर्ड बंद पडलाय."

कीबोर्ड बंद पडल्यामुळें एका घरांतील दोन माणसांचें अन्न सुटावें हें ज्यांना अतिशयोक्तीचें वाटेल, त्यांना आमच्या आप्पांची हकीकत सांगितली पाहिजे. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. वय चौऱ्यांशी. २००६ सालापासून ते आमचा कुलवृत्तान्त लिहीत आहेत. इंदूर, बडोदें, तंजावर, जेथें जेथें म्हणून आमची शाखा गेली तेथें तेथें त्यांनीं पत्रें धाडलीं, उत्तरें न आलीं तर पुन्हां धाडलीं, आणि जन्ममृत्यूच्या तारखा, विवाह, दत्तकें, सारें जुळवीत आणलें. एकाहत्तराव्या वर्षीं ते संगणकावर मराठी टंकलेखन शिकले. आज त्या ग्रंथाचीं चारशेंवर पानें झालीं आहेत, आणि तीं सर्व त्या एका यंत्रांत.

तें यंत्र २०१४ सालचें. त्यावर विंडोज १० होतें, आणि त्याच्या सुरक्षेच्या नित्याच्या दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपल्या. विंडोज ११ ला टीपीएम २.० नांवाची सोय यंत्रांत असावी लागते. ती ह्या म्हाताऱ्या यंत्रांत नाहीं. म्हणून नातवानें (तो स्थापत्यशास्त्राच्या म्हणजे सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे) आजोबांच्या संमतीनें जुनी प्रणाली पुसून लिनक्स बसविलें. आधीं सर्व मजकुराची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली, असें तो म्हणत होता; परंतु ती प्रत कोणी उघडून पाहिलेली नव्हती. यंत्र पुन्हां सुरू झालें, परवलीचा शब्द मागूं लागलें, आणि तेथेंच अडलें. सायंकाळीं बाजारांतून सातशें रुपयांचा नवा कीबोर्ड आणला. त्याचीही तीच गत. दुकानदारानें मदरबोर्ड गेला असेल असें निदान करून आणखी भर घातली.

मीं मुलाला फोनवर बोलाविलें आणि एकच प्रश्न विचारला : "कॅप्स लॉक दाब. दिवा लागतो?"

"लागतो, काका."

"मग कीबोर्ड जिवंत आहे. आधीं जेवून घे, मग बोलूं."

हा दिवा मोठा प्रामाणिक साक्षीदार आहे, म्हणून त्याजविषयीं थोडें विस्तारानें लिहितों. कळ दाबली कीं दिवा कीबोर्डांतच आपोआप लागतो अशी पुष्कळांची समजूत असते. वास्तविक कळ दाबल्याची वर्दी संगणकाकडे जाते. तेथें जी कार्यप्रणाली कारभार पाहत असेल ती ती वर्दी घेते आणि उलट हुकूम सोडते कीं दिवा लाव. दिवा लागला म्हणजे निरोप गेला आणि उत्तरही आलें. तार, खांच, कीबोर्ड आणि त्याला ओळखणारा ड्रायव्हर हीं सर्व निर्दोष सुटलीं. सातशें रुपये खर्च करण्यापूर्वीं ही परीक्षा करण्यास एक क्षण लागतो. (कांहीं कीबोर्डांवर दिवेच नसतात, त्यांच्या मालकांना ही सोय नाहीं.)

दिवा लागला नसता तर मीं त्याला यंत्र बंद करून पुन्हां सुरू करावयास आणि पहिल्या क्षणीं डिलीट किंवा एफ-टू ही कळ दाबावयास सांगितलें असतें. ही कळ यंत्रागणिक निराळी असते; पडद्यावर ती बहुधा लिहिलेली दिसते. तिनें यंत्राच्या मूळ मांडणीचा पडदा, ज्याला लोक अजूनही बायोस म्हणतात, तो उघडतो. येथील कारभार मदरबोर्डावरच्या चिपेंत कायमचा लिहिलेला असतो आणि त्याला कीबोर्ड ओळखण्यापुरतें ज्ञान असतें. पुढें कार्यप्रणाली आली कीं ती ह्या जुन्या कारभाऱ्याला रजा देते आणि आपले ड्रायव्हर नेमते. तेव्हां बायोसमध्यें बाणाच्या कळा चालतात आणि पुढें चालत नाहींत, तर कीबोर्डाला दोष देण्यांत अर्थ नाहीं. नव्या कारभाऱ्याला त्याची ओळख नाहीं इतकेंच. दोन्ही ठिकाणीं मुका, तर मात्र खांच बदलून पाहावी, मधला हब असेल तर तो काढून तार थेट यंत्राच्या पाठीमागील खांचेंत घालावी, आणि मगच कीबोर्डावर संशय घ्यावा.

ही ओळख नसण्याची गोष्ट माझ्या एका स्नेह्यांच्या घरीं २०१६ सालीं घडली. त्यांनीं नवा संगणक घेतला, आणि जुन्या हिशेबाचा एक प्रोग्रॅम विंडोज ७ वरच चालतो म्हणून तीच प्रणाली त्यावर बसविण्याचा घाट घातला. पहिल्या पडद्यानें भाषा विचारली, आणि 'पुढें' म्हणावयास ना माउस हालेना, ना कीबोर्ड. बायोसमध्यें मात्र दोन्ही उत्तम चालत. कारण असें कीं, विंडोज ७ आलें २००९ सालीं, आणि यूएसबी ३.० च्या नियंत्रकाचा ड्रायव्हर त्यांत मुळांतच नव्हता. तो मायक्रोसॉफ्टनें विंडोज ८ बरोबर, म्हणजे २०१२ मध्यें दिला. तोंपर्यंतच्या यंत्रांत नव्या नियंत्रकाशेजारीं जुन्या तऱ्हेचाही असे, त्यामुळें निभावून जाई. इंटेलनें २०१५ सालच्या स्कायलेक पिढीबरोबरच्या चिपसंचांतून तो जुना नियंत्रकच काढून टाकला. झालें! खांचा सर्व नव्या, आणि प्रणालीला नव्या खांचांची भाषा येत नाहीं. ड्रायव्हर घालावा म्हटलें तर तो घालण्याची आज्ञा देण्यास कीबोर्ड हवा. ज्या पेटींत किल्ली आहे तीच पेटी कुलपांत!

त्यांची सुटका केली ती माळ्यावरच्या एका जुन्या कीबोर्डानें. त्याला ती वाटोळी, सहा टांचण्यांची पीएस-टू जातीची पिन होती, जी आयबीएमनें १९८७ सालीं आणली. यूएसबीशीं तिचा संबंध नसल्यामुळें विंडोज ७ तिला ताबडतोब ओळखतें. मात्र ही पिन यंत्र पूर्णपणें बंद असतांनाच घालावी. चालू यंत्रांत खुपसण्याची ती वस्तु नव्हे. ज्यांच्या यंत्राला ही खांचच नसेल त्यांना दुसऱ्या संगणकावर प्रणालीच्या पेन-ड्राइव्हमध्यें यूएसबीचा ड्रायव्हर आधींच मिसळून घ्यावा लागे. आतां विंडोज ७ चा आधारही १४ जानेवारी २०२० रोजीं संपला आहे, तेव्हां हा खटाटोप कोणी हौसेनें करूं नये. परंतु नव्या यंत्रावर जुनी प्रणाली घालतांना काय होतें हें त्यावरून चांगलें कळतें.

लॅपटॉपचें दुखणें थोडें निराळें. त्यांतील कीबोर्ड आंतून कसा जोडला आहे हें आपल्याला दिसत नाहीं, आणि तो प्रत्येक वेळीं यूएसबीनेंच जोडलेला असतो असेंही नाहीं. ॲपलच्या २०१५ सालच्या बारा इंची मॅकबुकचा कीबोर्ड एसपीआय नांवाच्या मार्गानें जोडलेला आहे. त्याचा ड्रायव्हर लिनक्सच्या मूळ गाभ्यांत आला तो २०१९ सालीं, ५.३ ह्या आवृत्तींत. तोंपर्यंत त्यावर लिनक्स घालणारे लोक बाहेरचा कीबोर्ड जोडून काम भागवीत. एक साधा, तारेचा यूएसबी कीबोर्ड घरांत असावा असें मी म्हणतों तें यासाठीं. ब्लूटूथचा कीबोर्ड तर नवी प्रणाली बसवितांच परका होतो, कारण त्याच्याशीं झालेली सोयरीक जुन्या प्रणालीच्या वहींत नोंदलेली होती आणि ती वही आपण पुसून टाकली. ज्या बिनतारी कीबोर्डाबरोबर लहानसें यूएसबी बोंडूक येतें त्याला हा त्रास नाहीं. त्याची नोंद त्या बोंडकांतच असते.

आपल्यासारख्या नवशिक्यांच्याच हातून असे घोटाळे होतात असेंही नाहीं. त्याच १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनें विंडोज ११ साठीं एक दुरुस्ती पाठविली, आणि तिच्या योगानें यूएसबीचे कीबोर्ड व माउस नेहमींच्या वापरांत ठीक चालत, परंतु बिघडलेलें यंत्र सुधारण्याची जी 'रिकव्हरी'ची जागा आहे तेथें मुके होत. ती जागा म्हणजे एक स्वतंत्र छोटी प्रणालीच असते, आणि तिचे ड्रायव्हर वेगळे. म्हणजे औषधाच्या कपाटाला नेमकें दुखण्याच्या वेळीं कुलूप! सहा दिवसांनीं, २० ऑक्टोबरला, त्यांनीं दुसरी दुरुस्ती काढून ती चूक निस्तरली.

आणखी एक प्रकार घरांत लहान मुलें असणाऱ्यांनीं लक्षांत ठेवावा. विंडोजमध्यें उजवीकडची शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली तर 'फिल्टर कीज' नांवाची सोय पुढें येते, आणि ती मान्य झाली कीं यंत्र झटपट दाबलेल्या कळांकडे दुर्लक्ष करूं लागतें. हात थरथरणाऱ्यांसाठीं ती उत्तम आहे. पण कीबोर्डावर जाडसें पुस्तक ठेवून कोणी चहाला गेलें कीं परत येऊन पाहावें तों कीबोर्ड मेलेला! कळ अंमळ दाबून धरावी. अक्षर उमटलें तर हाच प्रकार समजावा.

असो. सांगलीकडे वळूं. मुलगा जेवून आला. मीं विचारलें, "परवलीचा शब्द लिहितोस तेव्हां ठिपके उमटतात का?"

"उमटतात. जितक्या कळा दाबल्या तितके. पण शब्द चुकीचा म्हणतें. मीं दहा वेळां घातला."

"प्रणाली बसवितांना भाषा कोणती निवडलीस?"

"मराठी. आजोबांसाठीं."

"आणि कीबोर्ड?"

थोडा वेळ फोनवर शांतता होती. "तोही मराठी," तो म्हणाला.

गांठ येथें होती. आप्पा इन्स्क्रिप्ट पद्धतीनें लिहितात. भारतीय मानक संस्थेनें १९९१ सालीं आय.एस. १३१९४ ह्या मानकांत घातलेली ही रचना. स्वर डाव्या हाताकडे, व्यंजनें बहुतेक उजव्या हाताकडे. अत्यंत शास्त्रशुद्ध, आणि एकदां बोटांत बसली कीं सुटत नाहीं. इंग्रजी के च्या कळीवर योगायोगानें क च आहे. परंतु एच वर प, जे वर र, आणि डी वर तर नुसतें हलन्त चिन्ह! प्रणाली बसवितांना वापरणाराचें नांव रोमन अक्षरांतच हवें असा आग्रह यंत्रानें धरला, म्हणून मुलानें तेवढ्यापुरता कीबोर्ड इंग्रजीवर नेला आणि त्याच ओघांत परवलीचा शब्दही इंग्रजींत लिहिला. यंत्र पुन्हां सुरू होतांच कीबोर्ड आपल्या पहिल्या जागीं, म्हणजे मराठीवर आला. ठिपक्यांना जातगोत नसतें. त्यांखालीं प आहे कीं एच, हें दिसावें कसें? नव्या कीबोर्डानेंही तेंच केलें, कारण कळांचा अर्थ कीबोर्ड ठरवीत नाहीं. तो केवळ अमुक क्रमांकाची कळ दाबली एवढें कळवितो. अक्षर कोणतें तें प्रणाली ठरविते.

"पडद्याच्या वरच्या कोपऱ्यांत काय दिसतें?" मीं विचारलें.

मागून वहिनींचा आवाज आला : "एम् आणि आर् अशीं दोन अक्षरें आहेत. मी मघापासून पाहतेंय. मला वाटलें, 'मिस्टर' असेल, नांव घालण्यासाठीं."

तें मराठीचें संक्षिप्त नांव होतें. त्यावर माउसनें टिचकी मारून इंग्रजी निवडावयास सांगितलें. (माउस नसेल तर विंडोजची कळ आणि स्पेस एकत्र दाबूनही पुष्कळ ठिकाणीं ही अदलाबदल होते.) अकरा वाजून दहा मिनिटांनीं यंत्र उघडलें. फोनवर मला कोणाचाच शब्द ऐकूं येईना. बाहेरची डिस्क लावल्याचा बारीकसा आवाज मात्र आला. त्यानंतरचीं दोनतीन मिनिटें, खरें सांगावयाचें तर, मलाच जड गेलीं. कीबोर्डाचें निदान मीं केलें होतें. पण त्या डिस्कवर काय आहे हें मला ठाऊक नव्हतें, आणि ती प्रत नसती तर माझें निदान काय चाटावयाचें होतें?

प्रत होती. अगदीं शेवटच्या पानापर्यंत. आप्पा फोनवर आले आणि तंजावरच्या शाखेंतील एका दत्तविधानाची मिति आज त्यांना दुरुस्त करावयाची होती, ती करून घेतों म्हणाले. दुसरें कांहीं बोलले नाहींत. रात्रीं बारापर्यंत ते बसले होते आणि नातू शेजारीं बसून मित्या वाचून दाखवीत होता, असें वहिनी सकाळीं सांगत होत्या.

मुलाला मीं दुसऱ्या दिवशीं इतकेंच बजावलें कीं, लिनक्स बहुधा पेन-ड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावतांही चालवून पाहतां येतें. तशा स्थितींत कीबोर्ड, वायफाय, छपाई आणि घेतलेली प्रत हीं सर्व तासभर तपासावीं, आणि मगच जुनें पुसावें.

एक अडचण शिल्लक आहे. ग्रंथाचीं पहिलीं तीन प्रकरणें २००६ सालीं एका टंकलेखकाकडून त्या काळच्या फॉन्टांत लिहवून घेतलेलीं होतीं. तीं उघडलीं तर मराठीच्या जागीं रोमन अक्षरांचें आणि चिन्हांचें कडबोळें दिसतें. मजकूर हरवलेला नाहीं. केवळ त्या जुन्या फॉन्टाचा चष्मा नव्या यंत्राकडे नाहीं. तीं युनिकोडमध्यें कशीं आणावयाचीं तें पुढील अंकीं पाहूं. तोंपर्यंत आप्पांनीं मला पानाचा एक नमुना धाडला आहे. सातशें रुपयांचा नवा कीबोर्ड दुकानदार परत घेत नाहीं. वहिनींनीं तो जुन्या पातळाच्या तुकड्यांत गुंडाळून कपाटांत ठेवला आहे.